पुडीने पाळणा हलतो का?

आमच्या गावचा आठवडी बाजार मंगळवारी भरतो. त्या दिवशी माझ्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते. आसपासच्या खेड्यांतल्या बायका भाजीपाला विकून, किराणा भरून एसटीची वेळ होईपर्यंत माझ्याकडे येऊन बसतात. यंदा संक्रांतीनंतरच्या अशाच एका मंगळवारी एक तरुणी सासूबाईंबरोबर आली. वय एकोणतीस, लग्नाला चार वर्षे झालेली. पाळी दोन-दोन, कधी तीन-तीन महिन्यांनी. हनुवटीवर केस, मानेवर मागच्या बाजूला काळसर पट्टा. तिने पिशवीतून फाइल काढली आणि तिच्याबरोबर औषधाच्या रिकाम्या पुड्यांची एक जुडी टेबलावर ठेवली. रबर लावून नीट जपून ठेवलेली.

"डॉक्टरबाई, एकही चुकवली नाही हो," सासूबाई म्हणाल्या. "दर रविवारी दुधातून मी स्वतः दिली. तरी अजून काही नाही."

त्या 'ड' जीवनसत्त्वाच्या, साठ हजार एककांच्या पुड्या होत्या. मोजल्या तर साठ भरल्या.

"एवढ्या कोणी लिहून दिल्या?" मी जरा रागानेच विचारले.

"पहिल्या आठ तुम्हीच की!"

फाइल उघडली. आत चौदा महिन्यांपूर्वीचा माझ्याच हस्ताक्षरातला कागद होता. 'आठवड्याला एक पुडी, आठ आठवडे.' त्याखाली थायरॉइड, रक्तातील साखर, पतीची वीर्यतपासणी आणि 'रिपोर्ट घेऊन एक महिन्याने येणे'. वरची ओळ त्यांनी पाळली होती. खालचे काहीच झाले नव्हते. आठ पुड्या संपल्यावर औषधाच्या दुकानातून पुढच्या आणल्या आणि आणतच राहिल्या.

"तुम्हीच म्हणाला होता ना, 'ड' फार कमी आहे, आधी ते भरून काढू," मुलगी हळूच म्हणाली. "मला वाटलं, तेच कारण आहे."

खरे होते. मी तसे म्हणाले होते. बाहेर वीस-पंचवीस बायका ताटकळत बसलेल्या, म्हणून रिपोर्टातल्या कमी आकड्यावर बोट ठेवून दाखवले आणि बाकीचे घाईघाईने सांगून टाकले. ज्यावर बोट ठेवले ते तिच्या लक्षात राहिले, जे नुसते बोलले ते राहिले नाही. चूक माझी होती आणि चौदा महिने तिचे गेले. मूल हवे असलेल्या बाईला चौदा महिने म्हणजे काय, हे सांगायला नको.

तशा पुड्या घेऊन वाट पाहणाऱ्या आणखीही बायका असतील, म्हणून आज हा विषय सविस्तर मांडते.

आजार नेमका काय?

या मुलीला 'पीसीओएस' आहे. आपल्याकडे त्याला 'पीसीओडी' म्हणायची सवय पडली आहे. 'गाठी झाल्यात', 'पाण्याचे फोड आहेत' असेही लोक म्हणतात. शिकागोचे डॉ. स्टाइन आणि डॉ. लेव्हेंथल यांनी १९३५ साली सात स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली, तेव्हापासून हा आजार वैद्यकाच्या पुस्तकात आला. आज मूल होण्याच्या वयातल्या दर दहा बायकांमागे सुमारे एकीला तो असतो, आणि त्यातल्या कितीतरी जणींना आपल्याला तो आहे हे माहीतही नसते.

नाव ऐकून भीती वाटते, पण सोनोग्राफीत दिसतात त्या खऱ्या गाठी नव्हेतच. दर महिन्याला बीजांडकोशात स्त्रीबीजाच्या अनेक पिशव्या वाढू लागतात. त्यांतली एक पुढे जाऊन पिकते, फुटते आणि बीज बाहेर पडते. पीसीओएसमध्ये पुष्कळ पिशव्या वाढायला लागतात, पण बहुतेक वेळा एकही पिकत नाही. शेतात दाट उगवण व्हावी आणि एकाही ताटाला कणीस धरू नये, तसा हा प्रकार. बीजच बाहेर पडत नाही म्हणून पाळी लांबते आणि दिवसही राहत नाहीत.

हे निदान एकट्या सोनोग्राफीवरून करू नये. पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरके वाढल्याची खूण म्हणजे चेहऱ्यावरचे केस, मुरुमे किंवा रक्तातला आकडा, आणि सोनोग्राफीतले ते विशिष्ट चित्र, या तीनपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात. तिसऱ्या गोष्टीऐवजी एएमएच ही रक्ततपासणी मोठ्या बायकांत चालते, असे २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनचे दोषही आधी वगळावे लागतात. पाळी सुरू होऊन आठ वर्षे झाली नसतील, तर सोनोग्राफीवरून हे निदान करायचे नसते. त्या वयात बीजांडकोश तसे दिसणे स्वाभाविक असते. तेव्हा दहावी-बारावीतल्या मुलीचा रिपोर्ट पाहून तिच्या आईने रडत बसू नये.

मुळाशी इन्शुलिन

या आजारात बहुतेक जणींच्या शरीरात इन्शुलिन नीट काम करत नाही. काम होत नाही म्हणून शरीर ते जास्त तयार करते. हे वाढलेले इन्शुलिन बीजांडकोशाला पुरुषी संप्रेरके जास्त बनवायला लावते आणि बीज पिकायचे थांबते. मानेवरचा तो काळसर पट्टा मळाचा नसतो. पुष्कळदा तो वाढलेल्या इन्शुलिनची खूण असतो. आयांना माझी विनंती आहे, तो मुलीच्या मानेवरून घासून काढू नका.

"पण मी तर जाड नाही," असे अनेकजणी म्हणतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन या दोन संशोधकांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. उंचीच्या मानाने वजन मोजण्याचा जो बीएमआय असतो, तो दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी यडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपण भारतीय वरून सडपातळ दिसलो तरी आतून चरबीचे असू शकतो. म्हणून पीसीओएस असलेल्या प्रत्येकीने, मग ती बारीक असो वा जाड, साखर तपासून घ्यावी.

'ड' चा संबंध कुठे येतो?

'ड' जीवनसत्त्व नावाला जीवनसत्त्व असले तरी शरीरात ते संप्रेरकासारखे वागते. आतड्यातून कॅल्शियम शोषून घेणे आणि हाडे मजबूत ठेवणे हे त्याचे मुख्य काम. पण ते ज्यांवर काम करते त्या जागा बीजांडकोशात आणि गर्भाशयाच्या अस्तरातही सापडतात. तेव्हा मूल होण्याशी त्याचा काही संबंध असेल, ही कल्पना हवेतली नाही.

पीसीओएसच्या बायकांना बीज पिकण्याची औषधे देऊन अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला होता. त्याच बायकांच्या साठवलेल्या रक्तात 'ड' मोजून निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्यात ते कमी होते, त्यांच्यात बीज बाहेर पडण्याचे आणि मूल जन्माला येण्याचे प्रमाणही कमी दिसले. अशा बातम्या आल्या की 'ड वाढवा, आई व्हा' असा अर्थ काढला जातो.

इथेच थांबून विचार करायला हवा. 'ड' चरबीत विरघळणारे आहे. अंगात चरबी जास्त असली की ते तिथे मुरते आणि रक्तात कमी दिसते. जी बाई जास्त वजनाची, तिचे 'ड' कमी, आणि त्याच वजनामुळे तिचे बीजही पिकत नाही, असे असू शकते. म्हणजे दोन गोष्टी एकत्र नांदतात, पण एकीमुळे दुसरी झाली असे होत नाही. पावसाळ्यात छत्र्या वाढतात आणि बेडूकही वाढतात, म्हणून छत्रीने बेडूक आणला असे आपण म्हणत नाही.

खरा निवाडा औषध देऊन पाहिल्यावर होतो. इटलीत टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराला आलेल्या, 'ड' कमी असलेल्या ६३० स्त्रियांवर असा एक अभ्यास झाला आणि २०२१ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या जणींना 'ड' चा सहा लाख एककांचा एक मोठा डोस दिला, अर्ध्यांना नुसते दिसायला तसेच औषध. दिवस राहण्याचे प्रमाण 'ड' घेतलेल्यांत ३७ टक्के, न घेतलेल्यांत ४० टक्के निघाले. म्हणजे फायदा दिसला नाही. हा अभ्यास फक्त पीसीओएसच्या बायकांवरचा नव्हता, हे खरे. पण कमी आकडा भरून काढला की पाळणा हलतो, एवढे सोपे गणित नाही हे त्यातून कळते.

मग पुडी घ्यायची की नाही?

तपासणीत 'ड' खरेच कमी असेल, म्हणजे २० नॅनोग्रॅमच्या खाली, तर जरूर घ्यायची. ती आपल्या हाडांसाठी, स्नायूंसाठी आणि पुढे दिवस राहिले तर बाळाच्या हाडांसाठी. आईजवळच नसेल तर बाळाला कुठून मिळणार? साधारणपणे साठ हजार एककांची पुडी आठवड्याला एक, अशी आठ आठवडे देतात. नंतर रोजचा लहान डोस किंवा डॉक्टर सांगतील त्या अंतराने पुडी. जेवणानंतर किंवा दुधातून घेतली तर चांगली लागू पडते.

पण हे पाण्यात विरघळणाऱ्या 'क' जीवनसत्त्वासारखे नाही, की जास्त झाले तर लघवीवाटे निघून जाईल. 'ड' शरीरात साठत राहते. अति झाले की रक्तातले कॅल्शियम वाढते. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी, मुतखडा आणि पुढे मूत्रपिंडावर परिणाम, इथपर्यंत मजल जाते. आठवड्याची पुडी रोज घेतलेली माणसेही मी पाहिली आहेत. त्या मुलीचे कॅल्शियम मी लगेच तपासून घेतले. नशिबाने ते मर्यादेत होते. पुड्या त्याच दिवशी बंद केल्या.

कोवळे ऊन

"रोज सकाळी कोवळ्या उन्हात बसते," असे बायका मोठ्या विश्वासाने सांगतात. कोवळे ऊन अंगाला बरे वाटते, पण त्यात 'ड' तयार करणारे किरण फार थोडे असतात. सूर्य वर आला की ते किरण आपल्यापर्यंत पोचतात. साधी खूण सांगते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हाचे ऊन कामाचे. आपला सावळा रंग कातडीचे रक्षण करतो, पण त्यामुळे 'ड' तयार व्हायला वेळही जास्त लागतो. काचेच्या खिडकीआडून आलेल्या उन्हाचा उपयोग होत नाही.

एवढे ऊन असलेल्या देशात 'ड' कमी कसे, असे कोणी विचारील. दिल्लीच्या एम्स या संस्थेतल्या डॉक्टरांनी २००० साली दाखवून दिले की वरवर निरोगी दिसणाऱ्या माणसांतही ते कमी असते. ऊन आहे, पण आपण घरात, कार्यालयात, वर्गात, आणि बाहेर पडलो तर पूर्ण अंग झाकून. तेव्हा आठवड्यातून तीन-चार दिवस, अकरा ते दोनच्या दरम्यान, हात-पाय उघडे ठेवून वीसेक मिनिटे गच्चीत वाळवण घालावे, कपडे वाळत टाकावेत. एप्रिल-मेच्या रखरखीत उन्हात मात्र वेळ कमी करावा. आहारात अंड्याचा बलक, बांगडा, तारली यांत 'ड' असते. शाकाहारी घरांनी तेलाच्या आणि दुधाच्या पिशवीवर निळ्या रंगातली '+एफ' अशी खूण पाहावी. अशा तेला-दुधात 'अ' आणि 'ड' जीवनसत्त्वे मिसळलेली असतात.

खरी वाट कोणती?

पीसीओएस असताना मूल हवे असेल तर पहिली पायरी पतीच्या वीर्यतपासणीची. मूल होत नसलेल्या जोडप्यांपैकी एक तृतीयांश ते निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण, एकटे किंवा बाईच्या कारणासोबत, असते. ही तपासणी सर्वांत सोपी आणि स्वस्त. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, एवढेच. तरी ती सगळ्यात शेवटी होते. "आमच्या मुलात काही दोष नाही," असे त्या सासूबाईही म्हणाल्या. मी म्हटले, "मावशी, दोष शोधायला नाही सांगत. विहीर खणायची तर आधी दोर धड आहे का तेही बघतोच ना आपण?" त्या हसल्या आणि पुढच्या मंगळवारी मुलाला घेऊन आल्या.

दुसरी पायरी वजनाची. जास्त असेल तर पाच ते दहा टक्के कमी झाले तरी कित्येकींची पाळी आपोआप सुधारते. सत्तर किलोच्या बाईने साडेतीन ते सात किलो. उपास करून नव्हे. चहातली साखर, बिस्किटे, फरसाण कमी करून, भाकरी, डाळ-उसळ, पालेभाजी वाढवून आणि रोज अर्धा-पाऊण तास झपाट्याने चालून. 'घरकाम करते, तोच व्यायाम' हे पुरत नाही. सुनेने संध्याकाळी चालायला जायचे तर त्या वेळी कुकर दुसऱ्या कोणी लावायला हवा, एवढे घरच्यांनी समजून घ्यावे.

तिसरी पायरी बीज पिकवणाऱ्या गोळ्यांची. अमेरिकेत पीसीओएसच्या ७५० स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. जुन्या क्लोमिफेन गोळीने १९.१ टक्के स्त्रियांना मूल झाले, लेट्रोझोल गोळीने २७.५ टक्के स्त्रियांना. तेव्हापासून लेट्रोझोलला पहिली पसंती मिळाली. पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत पाच दिवस ती घ्यायची असते. ती स्तनाच्या कर्करोगातही देतात, आणि पाकिटातला कागद वाचून काहीजणी घाबरून गोळी टाकून देतात. घाबरू नये, डॉक्टरांना विचारावे. गरज असेल तर मेटफॉर्मिन जोडतात. यानेही न जमल्यास इंजेक्शने, दुर्बिणीची शस्त्रक्रिया, टेस्ट ट्यूब बेबी हे पुढचे मार्ग आहेत. ते सगळ्यांना लागत नाहीत. आणि मूल हवे असे ठरल्या दिवसापासून फॉलिक अ‍ॅसिडची रोजची छोटी गोळी मात्र प्रत्येकीने घ्यावी.

वाट किती दिवस पाहायची? पाळी नियमित असेल आणि वय पस्तिशीच्या आत असेल तर एक वर्ष, पस्तिशीपुढे सहा महिने. पण पाळीच दोन-दोन महिन्यांनी येत असेल तर वर्षभर थांबण्यात अर्थ नाही. लगेच दाखवावे. ज्यांना मूल नको किंवा झालेले आहे, त्यांनीही तीन महिन्यांहून जास्त काळ पाळी लांबू देऊ नये. पाळी न आल्याने गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते आणि पुढे अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. 'पाळी येत नाही, त्रास नाही, बरेच झाले' असे म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही.

माझा धडा

त्या मुलीच्या पतीचा रिपोर्ट चांगला आला. तिची साखर मात्र मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाली. चौदा महिन्यांपूर्वी तपासली असती तर कदाचित तेव्हाच कळली असती. आता ती रोज सायंकाळी शाळेच्या मैदानाला फेऱ्या घालते आणि सासूबाई सोबत जातात. चार किलो वजन उतरले आहे. लेट्रोझोलच्या दुसऱ्या महिन्यात सोनोग्राफीत एक पिशवी वाढताना आणि मग फुटलेली दिसली. त्या पडद्याकडे बोट करून मी तिला म्हटले, "हे बघ, हे लक्षात ठेव." पाळणा अजून हललेला नाही. हलेलच, असे वचन मी देत नाही. पण आता आम्ही योग्य वाटेवर आहोत.

मीही माझी पद्धत बदलली आहे. बाजारच्या दिवशी कितीही गर्दी असो, औषधाच्या कागदावर आता मी आधी तपासण्या आणि परत येण्याची तारीख मोठ्या अक्षरांत लिहिते. पुडी सगळ्यात खाली, आणि तिच्यापुढे तीन शब्द. 'आठ संपल्यावर बंद.' मग बाईला म्हणते, "काय करायचं ते आता तू मला सांग." ती चुकली तर पुन्हा समजावते.

तुमच्याही घरात अशा पुड्या असतील तर आज मोजून पाहा. आणि त्यांच्याबरोबर मिळालेला कागद शोधून काढून त्याच्या खालच्या ओळीही वाचा.